केबलवरची वीट

टिकाव आणि विटा माणसांसारखं बोलायच्या आणि तरीही गावात वीज आलेली होती, त्या काळची ही गोष्ट. खोटं वाटलं तर जमिनीला विचारा.

रस्त्याकडेच्या चरात केबल निजवली, तिच्यावर वाळूचं पांघरूण घातलं आणि वर विटांची ओळ मांडली. त्यातली एक वीट सारखी कुरकुरायची, "भट्टीतल्या माझ्या बहिणी देवळाच्या भिंतीत बसल्या. मी इथे अंधारात कुणाची राखण करतेय?"

एके दुपारी भिवा नळासाठी खणायला आला. त्याचा टिकाव गरजला, "बाजूला सर गं बये! मी डोंगर फोडलेत."

"फोड की मेल्या, पण आधी मला!"

खाड्! विटेचे दोन तुकडे झाले. लाल चुरा दिसताच भिवाचा उचललेला हात वरच थांबला. "बाप रे, विटा! म्हणजे खाली वीज आहे."

टिकावाने फटीतून पाहिलं. साऱ्या गावाचे दिवे, पंखे, गिरण्या एका काळ्या दोरातून वाहत होत्या. आणखी एक घाव पडता, तर भिवा उरला नसता. लोखंडाला घाम फुटला.

"ताई, लागलं का गं?" त्याने हळूच विचारलं.

भिवाने दोन्ही तुकडे जागच्या जागी जुळवले आणि त्यांना हात जोडले. देवळातल्या विटांना अजून कुणी हात जोडलेले नाहीत.