महाराजांच्या टाचेची जखम

"त्या भिकोबाला अजून तुमच्या पायाशी का बसू देता, महाराज?"

डॉक्टर हेरंब दाणी गोदाकाठच्या या मठातच लहानाचा मोठा झालेला. अनंतगिरी महाराजांना असं तोंडावर विचारायची त्याला मुभा होती. महाराजांच्या सेवेतल्या भिकोबाला त्यानं नुकतंच खोलीबाहेर घालवलं होतं.

राग काही खोटा नव्हता. साखरेच्या आजारानं महाराजांच्या टाचेची जखम भरेना, पाय कापायची वेळ आली. तेव्हा हेरंबनं त्यांचंच रक्त काढून यंत्रात फिरवलं आणि त्यातला प्लेटलेट्सनी दाट झालेला भाग जखमेवर सोडला. दुसऱ्या दिवशी बघतो तर काय, म्हाताऱ्या भिकोबानं सगळं पुसून वर धुनीची राख थापलेली! मठात कुणाला काही लागलं की राख, हा त्याचा ठरलेला उपाय. सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं.

हेरंबनं पट्टी सोडली. जखम गुलाबी होऊन जवळजवळ भरत आली होती. पाय वाचला. त्याचा जीव भांड्यात पडला. महाराजांनीच त्याला भरवलं, शिकवलं. त्यांच्यासाठी आपल्या हातून एवढं तरी झालं.

"भरली कशी, ते सांग," महाराज म्हणाले.

हेरंबला तेवढंच हवं होतं. तो उत्साहानं सांगू लागला. जखम झाली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढायला धावून येतात. इथं ती लढाई संपायचं नावच घेत नव्हती, त्यात आपलंच मांस होरपळत होतं. प्लेटलेट्समधून जी द्रव्यं सुटतात, त्यांनी त्या पेशींना शांत केलं.

"मग त्यांना हाकलून दिलंस?"

"छे, हाकलून कसं चालेल? लढणाऱ्यांतल्याच कितीतरी पेशी मग जखम भरायच्या कामाला..."

हेरंब बोलता बोलता थांबला. त्याची नजर भिकोबा गेलेल्या दाराकडे वळली.



महाराजांनी दाराकडे हात करून भिकोबाला बोलावलं. भिकोबा बिचकत आत आला. उघडी टाच पाहून तो मटकन खालीच बसला आणि रडू लागला.

"पाय राहिला," तो हेरंबला हात जोडत म्हणाला. "लई उपकार झाले, डॉक्टर."

हेरंबचेही डोळे भरून आले.

महाराजांनी त्याच्या हातातली कोरी पट्टी घेतली आणि भिकोबाच्या हातात दिली.

"हेरंबा, कशी बांधायची ते शिकव याला."