ठमाईची चूळ

फार वर्षांपूर्वी, किती ते विचारू नका, मोजणारं कुणी उरलेलं नाही, आपल्या गारवाडीत ठमाई नावाची वैदीण होती. तिचं औषध म्हणजे डोंगरावरची झाडं. हगवणीला कुड्याची साल, तापाला काडेचिराईत, खोकल्याला अडुळसा. पण तिची एक रीत होती. कुणालाही काढा देण्याआधी ती स्वतः एक घोट तोंडात घ्यायची, जिभेवर घोळवायची आणि मग चूळ टाकायची. कारण झाड काही रोज एकसारखं नसतं. किडीनं कुरतडलेल्या झाडाची साल जास्त कडू, सुखानं वाढलेल्याची मवाळ. कुणाला किती द्यायचं ते तिची जीभ ठरवायची.

ती म्हणायची, झाडाला पाय नाहीत. गुरं आली, अळ्या आल्या, तर ते पळणार कुठं? म्हणून बिचारं सालीत कडू साठवतं, पानात उग्र वास धरतं, देठात चीक धरतं. ते सारं त्याच्या स्वतःच्या जिवासाठी. आपण त्यातलं चिमूटभर मागून आणतो आणि औषध म्हणून मिरवतो.

अशी वर्षं गेली. कडू चाखून चाखून तिची जीभ अशी झाली की भाकरी कडू, दूध कडू, पाणीसुद्धा कडू. गाव मात्र दारात येतच राहिलं. दुखलं की ठमाई, बरं वाटलं की कोण ठमाई? आपण माणसं अशीच, त्यात नवं काय.

एकदा तिच्या नातीची, चंद्रीची, गाय व्याली. चंद्री तान्ह्या पोराला कडेवर मारून वाटीभर खरवस घेऊन आली. पोरीनं गूळ घालून जीव ओतून केलेला. ठमाईनं घास घेतला. चंद्री तिच्या तोंडाकडं बघत होती.

“ग्वाड झालाय का गं आजे?”

“लई ग्वाड,” ठमाई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खरवस तिला कुड्याच्या सालीसारखा लागत होता.

त्याच दुपारी ती देवराईत गेली. तिथं खडकात पाणी साठणारी एक खोलगट डोणी आहे, तुम्ही पाहिलीच असेल. तिच्या काठावर बसून ठमाई म्हणाली, “थकले रं देवा. ह्ये कडू तुझं तू ठेव. मला एक घास ग्वाड खाऊ दे.”

देवही भोळा. त्यानं तिच्या जिभेवरचं कडू काढून घेतलं, आणि त्यामागोमाग साऱ्या डोंगरातलं कडू ओढलं गेलं. झाडाझाडातून ते झिरपत आलं आणि डोणी काळ्या पाण्यानं काठोकाठ भरली, असं म्हणतात.

ठमाईनं घरी येऊन उरलेला खरवस बोटं चाटून खाल्ला. म्हातारी त्या दिवशी अंगणात एकटीच हसत बसली होती म्हणे. एवढं सुख तिला मिळालं, हे सांगताना मला बरं वाटतं. पुढचं सांगायचा कंटाळा येतो.

पुढं व्हायचं तेच झालं. ज्या पानांना अळ्यांनी कधी तोंड लावलं नव्हतं, ती त्यांनी फस्त केली. शेळ्यांनी कुड्याच्या साली सोलून खाल्ल्या. श्रावण सरेपर्यंत हिरवा डोंगर उघडा पडला. आणि भादव्यात गावात हगवण शिरली. चंद्रीचं पोर डोळ्यांदेखत सुकत चाललं. ठमाईनं उरलीसुरली साल आणून काढा उकळला, रीतीप्रमाणं घोट घेतला. तोंडात नुसतं कोमट पाणी. आपण काय मागून बसलो, ते तिला तेव्हा कळलं.

ती तशीच उठून डोणीकडं गेली. मागोमाग सारं गाव. तिनं काळ्या पाण्याची ओंजळ तोंडात घेतली, कुड्याच्या बुंध्याशी गेली आणि चूळ टाकली. साल पुन्हा कडू झाली, असं म्हणतात. चंद्री ती साल काढून घराकडं पळाली. ठमाई पुन्हा डोणीपाशी. मग अडुळसा, मग सातवीण, मग करंज, मग कडुलिंब. तिचे ओठ फाटले, जीभ काळी पडली. गुडघे चालेनात तेव्हा तिनं एकदा वळून पाहिलं.

“कुनी येक चूळ घेता का रं?”

कुणी पुढं आलं नाही. जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत राहिला. हे मात्र नुसतं ‘म्हणतात’ नव्हे, हे अगदी असंच झालं असणार. मला माणसं माहीत आहेत.

शेवटी ती आंब्यापाशी आली. हे सारं घडण्याआधी आंब्याचं फळही कडूच असायचं, असं म्हणतात. पण तिथं पोचेपर्यंत तिच्या तोंडात एक थेंबच उरला होता. तो तिनं बुंध्याशी टाकला, झाडाला पाठ टेकून बसली, ती उठलीच नाही. म्हणून आंबा गोड झाला, आणि देठाशी ओठ भाजणारा चीक तेवढा राहिला. चंद्रीचं पोर वाचलं.

आजही त्या झाडाचा पहिला आंबा उतरवण्याआधी गारवाडीत कुणाची तरी गाय व्यायची वाट बघतात. तोवर आंबे गळून पडले तरी चालतं. मग मोठ्या पातेल्यात कुड्याचा काढा उकळतो आणि लहानथोर एकेक घोट तोंडात घेतात. पोरं तोंडं वाकडी करतात, नव्या सुना पदराआड खोकतात, पण सुटका कुणाचीच नाही. घोळवायचं आणि बुंध्याशी चूळ टाकायची. सगळ्यांचं झालं की गावातली सर्वांत म्हातारी बाई तिथल्या ठमाईच्या दगडावर खरवसाची वाटी ठेवते आणि दगडाजवळ वाकून म्हणते,

“ठमे, आजच्या दिस कडू आमी घेतलं. तू ग्वाड खा.”