आव्यातली कोंबडी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. कोणत्या राजाच्या राज्यातली ते विचारू नका, कारण राजाचा हिच्याशी काही संबंध नाही. गोष्ट आहे एका कुंभाराची आणि एका कोंबडीची. खरं तर बऱ्याच कोंबड्यांची, पण ते पुढे येईलच.

नदीच्या वळणावर एक गाव होतं आणि गावाच्या कडेला या कुंभाराचं घर. घरात माणसं तीन. कुंभार, त्याचा थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी. धाकटी पाळण्यात असतानाच तिची आई वारली. तिला न्हाऊमाखू घालण्यापासून चालायला शिकवण्यापर्यंत सगळं थोरल्यानंच केलं. बाप चाकावर बसलेला असे आणि थोरला बहिणीला कडेवर घेऊन माती तुडवत असे.

त्या घराची एक रीत होती. पावसाळा सरला, मडकी वाळली, की वर्षातला पहिला आवा लागे. आवा म्हणजे कुंभाराची भट्टी. त्या दिवशी घरासाठी एक कोंबडी अख्खी भाजायची. एरवी पाहुणा आला की कोंबडी कापून रस्सा व्हायचा, आणि रस्सा पाणी घालून कितीही वाढवता येतो. ही कोंबडी मात्र फक्त घरच्यांची. तिला मीठ, हळद, लसूण चोळायचं, पळसाच्या पानांत गुंडाळायचं, वरून चांगला बोटभर जाड चिखल लिंपायचा आणि आव्याच्या कडेला निखाऱ्यांत पुरून ठेवायचं. संध्याकाळी तो गोळा बाहेर काढला की तापून तांबडा झालेला असे. मग सगळ्यांनी गोल बसायचं आणि घरातल्या थोरल्या लेकरानं थापटण्यानं, म्हणजे मडकं ठोकायच्या लाकडी फळीनं, ते कवच फोडायचं. पहिल्या ठोक्याला जी वाफ निघे, तिच्या वासानं शेजारची कुत्रीसुद्धा शहाण्यासारखी ओळीनं बसत.

धाकटीला अजून पुरते दात आले नव्हते. थोरला तिला उचलून त्या वाफेत धरायचा आणि सांगायचा, पुढच्या आव्याला तुला तंगडी.

पण पुढच्या आव्याच्या आधीच परमुलखातल्या एका व्यापाऱ्याची नाव घाटाला लागली. त्याच्याकडे एक निळा वाडगा होता, पाण्यासारखा चकाकणारा. थोरल्यानं तो हातात घेतला आणि मग त्याला घरची तांबडी मडकी दिसेनाशीच झाली. ती विद्या शिकून येतो म्हणाला. बापानं आधी तोंड फिरवलं आणि मग हो म्हटलं. तरण्या पोराला धरून ठेवणं म्हणजे ओली माती मुठीत आवळणं, हे कुंभाराला कळत होतं.

निघताना थोरला बहिणीसमोर उकिडवा बसला. तिच्या कानात काहीतरी बोलला आणि आपलं थापटणं तिच्या हातात दिलं. कुंभारानं हे लांबून पाहिलं. पोरीला खेळायला काहीतरी दिलं, एवढंच त्याला वाटलं. मग थोरला वळून म्हणाला, "आबा, पुढच्या आव्याला येतो." आणि नाव वळणाआड गेली.

पुढचा आवा लागला. कुंभारानं नेहमीसारखी कोंबडी लिंपली, भाजली, बाहेर काढली. धाकटी थापटणं मांडीवर घेऊन समोर येऊन बसली. तिला आता सगळे दात आले होते.

"आबा, मी फोडू?"

"तू थोरली आहेस का? दादा येऊ दे."

कुंभार वाटेकडे बघत बसला. कवच तांबड्याचं तपकिरी झालं, गार झालं. थोरला काही आला नाही. शेवटी दोघांनी भाकरी आणि लसणाची चटणी खाल्ली. तो गोळा कुंभारानं तसाच उचलला आणि परसातल्या चिंचेखाली पुरला. शेजारी म्हणाले, अरे, मांस मातीत टिकतं होय? कुंभार म्हणाला, आमच्या पिढ्यान् पिढ्या मातीवर गेल्या, मातीनं आम्हाला कधी फसवलं नाही. ती माझ्या पोराचा वाटा सांभाळेल. आता कुंभाराला मडक्यातलं सगळं कळत होतं, पण मडकं वेगळं आणि कोंबडी वेगळी, हे त्याला कोण सांगणार? मायेपुढं शहाणपण गहाण पडतं, दुसरं काय.

असंच दुसऱ्या वर्षी झालं. तिसऱ्याही झालं. मग ती जणू नवी रीतच पडली. आवा लागायचा, कोंबडी भाजायची, वाट बघायची आणि चिंचेखाली पुरायची. लोक म्हणत, यंदा आणूच नकोस कोंबडी. तर तो म्हणे, आणि नेमका यंदाच आला तर?

धाकटी मोठी होत गेली. कोंबडीला मीठ-हळद चोळायचं काम आता तिच्याकडे आलं. चिखल कुठं जाड हवा, कुठं पातळ चालतो, निखारे कधी सारायचे, सगळं तिला येऊ लागलं. त्या कोंबडीचं तिला सगळं ठाऊक होतं, एक चव सोडून. निजताना ती आपले हात नाकाशी धरायची. हाताला लसणाचा आणि पळसाच्या पानांचा वास असायचा. कुंभार हे बघत असे, पण त्याला वाटायचं, पोरगी दमली असेल. त्याचे डोळे वाटेवर लागलेले, घरातलं त्यांना कसं दिसणार?

मात्र दर आव्याला ती थापटणं घेऊन समोर बसायची आणि विचारायची, मी फोडू? पुढे पुढे तिनं विचारणं सोडलं. नुसतीच थापटणं घेऊन बसू लागली.

धाकटीचं लग्न ठरलं. सासर नदीपल्याड, टेकडीच्या पलीकडच्या गावात. त्या वर्षीचा आवा तिच्या पाठवणीच्या आदल्या दिवशी लागला. कोंबडी बाहेर निघाली तेव्हा ती नव्या बांगड्या भरलेले हात मांडीवर ठेवून बसली होती आणि हातांत थापटणं होतं. खूप दिवसांनी तिनं पुन्हा विचारलं.

"आबा, आज फोडू?"

कुंभाराच्या ओठांवर 'हो' आलं होतं. खोटं कशाला बोला, आलंच होतं. तेवढ्यात वेशीकडं कुत्रं भुंकलं आणि तो ताडकन उठून वाटेवर गेला. कोणीतरी वाटसरू होता, निघून गेला. परत येऊन कुंभार म्हणाला, "थोडं थांब. जरा वेळ बघू." जरा वेळ म्हणता म्हणता दिवा फडफडू लागला. सकाळी बैलगाडी आली. धाकटीनं थापटणं खुंटीला अडकवलं, बापाच्या पाया पडली आणि गेली.

आता घरात एकटा कुंभार. पुढच्या वर्षी त्यानं स्वतः कोंबडी लिंपली. चिखल एकीकडे जाड झाला, एकीकडे पातळ. संध्याकाळी गोळा बाहेर काढून तो वाटेकडे तोंड करून बसला, आणि वाटेवरून थोरला आला.

कानशिलं पांढरी झालेली, काखेत फडक्यात गुंडाळलेला एक निळा वाडगा. कुंभारानं त्याला छातीशी धरलं आणि तो रडला. पोरानं सांगितलं, विद्या लवकर येईना आणि रिकाम्या हातानं घरी यायची लाज वाटत होती. आज येऊ, उद्या येऊ करता करता केस पांढरे झाले. बाप म्हणाला, असू दे, आलास ना. मग त्यानं खुंटीवरचं थापटणं काढून पोराच्या हातात दिलं. एवढ्या वर्षांनी सुखाचा दिवस आला होता, पण तो जेमतेम तेवढाच टिकला.

थोरल्यानं थापटणं घेतलं आणि आजूबाजूला पाहिलं. "धाकटी कुठं आहे?"

बापानं सांगितलं, सासरी.

"मग दर आव्याला कवच तिनंच फोडलं ना?"

"ती कशी फोडणार? थोरला तू. मी तुझी वाट पाहत होतो."

थोरल्यानं हातातल्या थापटण्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "आबा, जाताना मी तिच्या कानात हेच सांगितलं होतं. मी येईपर्यंत माझा हात तुझा. कवच तू फोड, आणि माझ्या वाटची तंगडी तू खा. म्हणून तर थापटणं दिलं तिला."

कुंभाराच्या डोळ्यांपुढं ती सगळी वर्षं उभी राहिली. मांडीवर थापटणं घेऊन बसलेली पोर. तिनं एकदाही म्हटलं नव्हतं की दादानं सांगितलंय. म्हणायला वावच कुठं होता? तिनं तोंड उघडलं की बाप वाटेकडे बघायचा.

तरी माणूस आपली बाजू सोडत नाही. कुंभार म्हणाला, मी तरी कुठं खाल्ली? सगळ्याच्या सगळ्या ठेवल्यात, चल दाखवतो. पोराला घेऊन तो चिंचेखाली गेला आणि कुदळ मारली. निघाल्या त्या नुसत्या खापऱ्या. एका वर्षाच्या, दुसऱ्या वर्षाच्या, सगळ्या वर्षांच्या खापऱ्या, आणि मध्ये हाडांचा चुरा. बांधावर एक म्हातारा कोल्हा बसला होता. चांगला गुबगुबीत होता.

कुंभारानं कुदळ उगारली तसा तो म्हणाला, "कुंभारदादा, रागावू नका. तुम्ही ज्याची वाट पाहत होतात, तो इथं नव्हता. जी इथं होती, तिला तुम्ही वाढत नव्हतात. मधल्या मधे माझं पोट भरलं. मी काही चोरी केली नाही, टाकलेलं खाल्लं."

"टाकलं नव्हतं. पोरासाठी ठेवलं होतं," कुंभार म्हणाला.

"असेल. मला दोन्हीची चव सारखीच लागली," कोल्हा म्हणाला आणि शेपूट सावरत उसात शिरला.

कुंभारानं कुदळ खाली टाकली. घरात येऊन त्यानं टोपलीत गरम राख घातली, तिच्यात तो न फोडलेला गोळा ठेवला, वरून पुन्हा राख लोटली. थोरल्यानं टोपली डोक्यावर घेतली. दिवस उगवायला दोघं नदी उतरून टेकडीच्या वाटेला लागले.

धाकटी अंगण सारवत होती. दादाला बघून तिच्या हातातला बोळा गळून पडला. भावाबहिणीचं रडून-बोलून झालं. मग कुंभारानं तो गोळा तिच्यापुढं ठेवला आणि थापटणं तिच्या हातात दिलं.

"फोड."

"दादा आहे की थोरला," ती म्हणाली.

"हात तुझा आहे," भाऊ म्हणाला. "मी दिला होता."

तिनं ठोका घातला. कवच दुभंगलं. वाफ काही निघाली नाही, राखेनं जेमतेम ऊब राखली होती. कुंभारानं स्वतः तंगडी मोडून तिच्या हातावर ठेवली आणि तिच्या तोंडाकडे बघत बसला. तिनं घास घेतला, सावकाश चावला.

"कशी लागली?"

"चांगली झालीय, आबा." मग ती तंगडीकडे बघत म्हणाली, "कोंबडीच आहे. मी काय काय समजून बसले होते."

ती रागानं बोलली नाही, आणि तेच कुंभाराला जास्त लागलं. आज कोंबडी होती, थापटणं होतं, दोन्ही लेकरं समोर होती. नव्हती ती फक्त ती दुधाचे दात आलेली पोर, जिला ही तंगडी हवी होती. तिला आता कोणी काही वाढू शकत नव्हतं. कुंभारानं मान खाली घातली. आयुष्यभर त्यानं पोराची वाट पाहिली होती. आता त्याला त्या पोरीची ओढ लागली, आणि ती कुठल्याच वाटेनं येणार नव्हती.

धाकटीनं हातातल्या तंगडीचा एक तुकडा काढला आणि बापाच्या तोंडाशी नेला. "खा, आबा," ती म्हणाली. "तुम्ही पण कित्येक वर्षांचे उपाशी आहात."

कुंभारानं तो खाल्ला. तिघांनी मिळून ती कोंबडी संपवली, अगदी हाडं चोखून.

म्हणतात, तेव्हापासून त्या कुंभारवाड्यात रीत बदलली. आव्यातली कोंबडी गरम असतानाच फुटते, आणि समोर बसलेल्यांत जो थोरला असेल त्याच्याच हातानं फुटते. परगावी गेलेल्याच्या नावानं एक तुकडा पानावर वेगळा ठेवतात, त्याची आठवण काढतात आणि जेवतात. तो तुकडाही सकाळपर्यंत ठेवत नाहीत. निजण्याआधी तो घरातल्या सगळ्यात लहान लेकराला देतात. कोल्हा मात्र रोडावला, असं ऐकतो.

बोध इतकाच : गेलेल्याची वाट जरूर पाहावी, पण समोर बसलेल्याचं पान वाढून मग पाहावी.