मळ्याचा धोंडा

डोंगरातला ओढा. खळखळ खळखळ.
ओढ्यात एक धोंडा. धोंड्याला चिकटून राहायचा मळ्या मासा. बोटाएवढा, पण राग नाकावर.

एकदा म्हैस आली. धप्प! बसली धोंड्यावरच.
मळ्या सुटला. धरायला काही नाही. पाणी त्याला ओढायला लागलं. मळ्या असा चिडला, असा चिडला, की त्याचे गालच फुगले.

"ए म्हशी, ऊठ. धोंडा माझा."
"नाही उठत जा. पाठीवर गोचीड चावते. बगळा काढेल, तर उठेन."

मळ्या निघाला. सुळुक सुळुक, चिडून चिडून.
काठावर बगळा. मळ्या लांबूनच बोलला. बगळ्याचा काय भरवसा?
"ए बगळ्या! म्हैस उठेना, धोंडा मिळेना. गोचीड काढ."
"नाही काढत जा. पायात वेल अडकलाय. खेकडा कापेल, तर काढेन."

सुळुक सुळुक, चिडून चिडून.
खेकडा बिळात. बिळावर कळशी.
"ए खेकड्या! बगळा गोचीड काढेना, म्हैस उठेना, धोंडा मिळेना. वेल काप."
"नाही कापत जा. बाहेर येऊ कसा? हौसाकाकू कळशी उचलेल, तर कापेन."

सुळुक सुळुक, चिडून चिडून.
हौसाकाकू वर उभी.
"काकू गं! खेकडा वेल कापेना, बगळा गोचीड काढेना, म्हैस उठेना, धोंडा मिळेना. कळशी उचल."
"कशी येऊ रे बाळा? पाण्यातल्या दगडावर शेवाळ. काल मी आपटले, कळशी तिथंच राहिली. शेवाळ जाईल, तर उचलेन."

आता कुणाकडे जायचं? शेवाळ कोण खाणार?
मळ्याच्या पोटात कावळे ओरडत होते. सकाळपासून नुसता राग खाल्ला होता.
"शेवाळ? ते तर मीच खातो."

चिकटला दगडाला. चुप चुप चुप. दगड झाला खरखरीत.

काकूने कळशी उचलली.
खेकड्याने वेल कापला. कट्!
बगळ्याने गोचीड काढली. टप्!
म्हैस उठली. छपाक!
मळ्या धोंड्याला चिकटला. चप्!

"गेला का राग?" म्हशीने विचारलं.
"नाही," मळ्या म्हणाला.

दुसऱ्या दिवशी म्हैस आली. काठावरच थांबली.
"मळ्याभाऊ, बसू का?"
"तिकडे बस."
म्हैस तिकडे बसली.

राग गेला वाहून,
मळ्या बसला चिकटून.