डोंगरातला काळा बैल

“पोरगी गुणाची आहे हो वन्सं, पण आपल्या रक्तातली नाही. माझी वैशाली घरातच होती ना!”

मामेसासूबाई स्वयंपाकघरात माझ्या सासूबाईंना सांगत होत्या. मी तांब्या घेऊन दाराबाहेरच उभी होते. सासरी तीन पिढ्या मामाचीच मुलगी करतात; भंडाऱ्याहून आलेली मी पहिली परकी. त्याच दुपारी वर्षावासातल्या, म्हणजे पावसाळ्यातल्या धम्मवाचनाला आठ-दहा बायका जमल्या आणि सासूबाई म्हणाल्या, “आज कथा सूनबाई सांगेल.” मी सांगितली ती अशी.

पूर्वी धवलपुरात सोमदत्त राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या गोठ्यांचे मुख्य गोपाळ होते. तिथले बैल दूरदूरचे व्यापारी गाड्यांसाठी विकत नेत. गुरे सगळी पांढरीशुभ्र. बाहेरचा बैल वेशीच्या आत घ्यायचा नाही, असा नियम. वंशावळ पुरोहिताला पाठ होती. तो म्हणे, “हा पाडा शंखाचा मुलगा. शंख याच्या आईचाही बाप. शिवाय मामाही तोच.” इथे त्याला धाप लागे आणि लोक टाळ्या वाजवत.

रक्त शुद्ध होत गेले, वासरे बारीक होत गेली. उभे करायला दोघे लागत, दूध पाजायला तिसरा. कवडी नावाच्या गाईची तर दोन वासरे गेली. पुरोहित म्हणाला, “गाय अपशकुनी आहे. पुढचेही गेले तर खाटकाला द्या.” राजाने मान डोलावली.

दोष कवडीचा नाही, हे बोधिसत्त्वांना कळत होते. ती माजावर आली तेव्हा त्यांनी तिला वेशीबाहेर चरायला सोडले. पलीकडच्या डोंगरात एक काळा बैल होता. त्याची वंशावळ कोणालाच पाठ नव्हती.

दिवस भरले आणि कवडीला काळेपांढरे वासरू झाले. राजा धावत आला. “हे काय?” थाप मारली असती तर खपली असती, पुरोहिताने ग्रहणाचे कारण काढलेही होते. पण बोधिसत्त्व हात जोडून म्हणाले, “महाराज, याचा बाप डोंगरातला. शिक्षा मला करा, गाईला नको.”

एवढ्यात वासरू आपले आपण उठले, पडले, पुन्हा उठले आणि कास समजून पुरोहिताच्या उपरण्याला लुचू लागले. सोडवायला चौघे लागले.

“एवढे बळ आले कुठून?” राजाने विचारले.

“महाराज, याचा बाप आणि मामा वेगळे आहेत.”

राजाला हसू आवरेना. कवडीला अभय मिळाले. मग त्याला हुरूप चढला. “आता अशीच वासरे करू आणि पुढे त्यांची आपापसांतच जोडी लावू! शुद्ध ठिपकेदार वंश!”

बोधिसत्त्व शांतपणे म्हणाले, “मग थोड्याच पिढ्यांत वासरे उभी करायला पुन्हा दोघे लागतील. हा जोम दोन घरांचा आहे, महाराज. एका घरात कोंडला की विरतो.”

राजाने वेस उघडली.

बायकांनी हात जोडले. मी पुढे म्हणाले, “तेव्हाचे गोपाळ म्हणजे स्वतः भगवान बुद्ध. वेस उघडणारा राजा म्हणजे आमच्या या सासूबाई. ही कथा प्रज्ञा पारमितेची, म्हणजे शहाणपणाची, आणि थोडी खरे बोलण्याची.”

“आणि तो पुरोहित गं?” मामेसासूबाईंनी विचारले.

“त्याचा जन्म अजून ठरायचाय, मामी. काळ्या बैलाचा मात्र झाला, भंडाऱ्यात.”