झऱ्याभोवतीचे कुंपण

त्या राज्यात झरा एकच होता, आणि तो कुणाचाच नसल्यामुळे सगळ्यांचा होता. दर पानगळीनंतर प्राणी एकत्र जमून राजा निवडत. राजा उघड्या कातळावर बसे. ज्याला काही सांगायचे असेल त्याने कातळासमोर जावे आणि सांगावे, अशी रीत होती.

पुढे डोंगरापलीकडून तरसांची टोळी आली. येताना त्यांनी मीठ आणले होते. राजा सांबर, त्याचा प्रधान गवा, सभेतल्या नीलगायी, साऱ्यांनाच त्या मिठाची चटक लागली. तरसांनी बदल्यात काहीच मागितले नाही; निदान त्या उन्हाळ्यात तरी नाही. पुढच्या उन्हाळ्यात राजाने जाहीर केले, की झऱ्याची निगा राखायला जाणकार हवेत, म्हणून तो तरसांकडे सोपवला आहे. बघता बघता झऱ्याभोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण उभे राहिले. जो तरसांच्या गुहेसाठी दगड वाहील त्याला पाणी. बाकीच्यांनी डबकी शोधावीत.

कुसरी नावाच्या भेकरीची बहीण गाभण होती. दगड वाहणे तिला झेपणारे नव्हते. ती डबक्यातले हिरवे पाणी प्यायली, तापाने फणफणली आणि पोटातल्या पिल्लासकट गेली. कुसरी तिच्याजवळ बसून राहिली. गिधाडे उतरू लागली तेव्हा ती उठली, थेट कातळासमोर गेली आणि भुंकू लागली.

भेकर भुंकते ते वाघ दिसला की. सारे रान धावत आले.

"कुठंय वाघ?" धापा टाकत सशांनी विचारले.

"वाघ नाही," कुसरी म्हणाली. "माझी बहीण मेली."

कुणी तिच्यावर चिडले नाही. त्या उन्हाळ्यात प्रत्येकाचे कुणी ना कुणी गेले होते. ससे तिथेच बसले. मग साळिंदरे आली, मोर आले, वानरांचा अख्खा कळप आला. ज्याला जसा आवाज होता तसा त्याने लावला. सभेत शेजारी बसलेल्यांना एकमेकांचे बोलणे ऐकू येईना.

अखेर गवा कातळावरून खाली उतरला. "कुसरे, तुझं दुःख आम्हाला काय कळत नाही? पण तरसं निघून गेली तर मीठ आणायचं कुठून? मिठाशिवाय राज्य चालतं होय?"

"प्रधानजी, आम्ही तर ते मीठ कधी चाखलंसुद्धा नाही."

गव्याच्या ओठांना पांढरे कण चिकटले होते. त्याने जीभ फिरवून ते टिपले आणि मान वळवली.

त्याच संध्याकाळी तरसांनी वानरांना झाडांवरून झऱ्याकडे उतरायची मुभा दिली. सकाळी वानरे कातळासमोर नव्हती. मग हुकूम निघाला, की वाघ नसताना ओरडणे हा गुन्हा आहे. हुकूम पाळला जातो की नाही हे पाहायचे काम तरसांनी आपणहून पत्करले. त्यांनी एका साळिंदराचा पाय मोडला. कुसरीचा कान फाटला. ससे एकेक करून बिळांत शिरले. उरलेल्या मूठभरांना घेऊन कुसरी मात्र रोज येत राहिली.

एके दिवशी ती आली तर कातळ रिकामा होता. ऊन चढले तरी कुणी फिरकले नाही. मोर उडून शेंड्यावर बसला आणि लांबवर पाहत म्हणाला, "सभा कुंपणाच्या आत भरलीय. तिथं सावली बरी म्हणे."

कुसरी कुंपणाच्या तोंडाशी गेली. दगड घेतलेल्या प्राण्यांची रांग दूरवर गेली होती. कुणी मान वर केली नाही. दाराशी बसलेले तरस तिच्याशी अगदी अदबीने बोलले.

"रांगेत उभ्या राहा, बाई."

"मला पाणी नकोय. राजाला भेटायचंय."

"तेच म्हणतोय मी. पाणी काय, राजा काय, रांग एकच आहे. दगड आणलाय का?"

कुसरीने टाचा उंचावून आत पाहिले. काट्यांच्या वर राजाची शिंगे तेवढी दिसत होती. ती शिंगे संथपणे खाली गेली आणि बराच वेळ वर आली नाहीत.