परी म्हणाली, "मी चालले!"

बकुळीच्या बनापलीकडे एवढीशी झोपडी, आणि झोपडीत एवढीशी सोनकी. तिला ना आई, ना बाबा. होती ती फक्त भिवराआत्या, गावची सुईण. गावातली सगळी बाळं आत्याच्याच ओंजळीत आलेली! पण यंदा आत्याचे गुडघे असे धरले, की तिला उंबरासुद्धा ओलांडवेना. मग काय, चूल कधी पेटायची, कधी नाही.

एका सोनेरी सकाळी सोनकी बनात फुलं वेचायला गेली. तर बकुळीखाली गुलाबी पंखांची परी! पोट हे एवढं गरगरीत!

"सोनकीबाई, माझं बाळ येतंय गं," परी म्हणाली. "त्याला अलगद झेल. भुईला टेकलं तर त्याचं दंव होईल! पण त्याआधी मला शिवू नकोस हं, पंखांचा रंग उडेल. तुला एक इच्छा देते. बाळ आलं की ते रडायच्या आत टाळी वाजवून माग, आधी नाही नि नंतरही नाही मिळायची."

सोनकीला आत्याचे गुडघेच आठवले. पण न शिवता बाळाची वेळ कळायची कशी? आत्या म्हणायची, "पोरी, आधी डोळे लाव, कान लाव. हाताला कसली घाई?" सोनकी मांडी घालून बसली.

आधी परी खूप बडबडली, चांदण्यांच्या खोड्या सांगून खुदुखुदु हसली. अजून वेळ आहे, सोनकीने ओळखलं. मग परी बोलेनाशी झाली. डोळे मिटून नुसती "हूं… हूं…" घुमू लागली. तिची पावलं गार पडली. चमचमतं दंव बोटांवरून घोट्यावर आणि घोट्यावरून गुडघ्यापर्यंत चढलं. आणि एकदम परी रडकुंडीला आली.

"मला नाही जमत! नको मला बाळबीळ! मी चालले घरी!"

सोनकी खुदकन हसली. अगदी शेवटी सगळ्या बाया हेच म्हणतात, आत्याने शंभरदा सांगितलं होतं! "परीताई, तू चाललीस म्हणजे बाळ आलंच बघ!"

टाळी वाजवावी, तर परकर कोण धरणार? सोनकीने ठिगळांचा परकर दोन्ही हातांनी पसरला. टपकन बाळ त्यात आलं, केशरी, लुकलुकतं. आणि "ट्यँहँ!" रडलंसुद्धा!

इच्छा गेली. आत्यासाठी सोनकीला फार वाईट वाटलं. तरी डोळे पुसून तिने बाळ परीच्या कुशीत दिलं.

"वेडाबाई," परी म्हणाली, "तुझी इच्छा गेली, पण माझ्या बाळाची पहिली इच्छा आहे ना! त्याला तुझं मन कळलंय." बाळाने इवल्या मुठी उघडल्या. गुलाबी-सोनेरी लखलखाट झाला, आणि बकुळीखाली नुसती फुलं उरली.

सोनकी धावत घरी आली. दारात आत्या, पदर खोचून, ताठ उभी! वरच्या आळीतून बोलावणं आलं होतं.

"सोनके, सर बाजूला!" आत्या हसत ओरडली. "मी चालले!"